उशीवरून मान उचला

दवाखान्यात लोकांना दोनच माणसं दिसतात, डॉक्टर आणि सिस्टर. बाकीच्यांना कामावरून नावं पडतात. पांढरकवड्याच्या ज्या छोट्या धर्मादाय दवाखान्यात मी उमेदीची वर्षं काढली, तिथे एक्स-रे काढणारा फोटोवाला होता, रक्त तपासणारी रगतवाली होती, औषधं देणारा गोळ्यावाला होता आणि मी मालिशवाली होते. हाडं, स्नायू आणि नसा पाठ करण्यात कॉलेजची वर्षं घालवून आले, तर पहिल्याच आठवड्यात एका आजींनी विचारलं, "तेल तुमचं, का आमी आनाचं?"

मी म्हटलं, तेल लागत नाही.

"मंग मालिश कायची?" असं म्हणून आजी उठून गेल्या.

फिजिओथेरपी म्हणजे काय, हे मी आता थोडक्यात सांगते. डॉक्टर माणसाला वाचवतात. तो नंतर स्वतःच्या पायांनी मोरीपर्यंत जाईल का, स्वतःच्या हाताने घास घेईल का, हे आमच्याकडे. त्यात छातीचं कामही येतं, ते बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. पडून राहिलेल्या माणसाच्या छातीत कफ साठतो. तो सुटावा म्हणून ठरावीक जागी थापायचं, कूस बदलायची, खोकायला लावायचं. श्वासाच्या मशीनवर असलेल्या पेशंटचंही हेच. आणि मशीन काढायची वेळ आली की त्याला पुन्हा आपला आपण श्वास घ्यायला लावायचं. हल्ली मुलांचे आईवडील विचारतात, या लाइनीत स्कोप किती? स्कोप भरपूर आहे. भीती किती आहे, हे कुणी विचारत नाही, म्हणून आज त्याबद्दलच लिहिते.

आधी एक शिकवण सांगून टाकते, कारण पुढे ती लागणार आहे. हायवेवर ट्रक दुरुस्त करणारे रफीकभाई खांदा आखडला म्हणून माझ्याकडे यायचे. मी सांधा, आवरण, सूज असं समजावत होते. ते ऐकत होते, पण व्यायाम काही करत नव्हते. शेवटी तेच म्हणाले, "मॅडम, सीधा बोलो ना, बेअरिंग जाम है. जोर से घुमाया तो टूटेगा, थोडा थोडा रोज घुमाया तो खुलेगा." दुसऱ्या दिवसापासून ते शिस्तीत खांदा फिरवायला लागले. जाताना माझ्या खोलीतलं कुरकुरणारं व्यायामाचं चाकही न विचारता खोलून, ग्रीस भरून गेले. तेव्हापासून माझा नियम असा, की पेशंटला त्याच्या हातातल्या कामाच्या, त्याच्या खेळाच्या भाषेत सांगायचं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. पराटी, म्हणजे कपाशीचं झाड, माणसाच्या डोक्यावर जायची, अळी मात्र मरत नव्हती. जो तो आणखी एक फवारा, आणखी एक औषध एकत्र करून मारत होता. मालक बहुधा बांधावर असायचा. पाठीवर पंप घेऊन आत शिरायची ती रोजंदारीची पोरं. उंच पराटीत फवारा वर मारावा लागतो आणि तो परत तोंडावर येतो. उकाड्यात सदरा भिजायचा, घामाने आणि औषधाने, आणि तो संध्याकाळपर्यंत अंगावरच राहायचा. पोळ्याच्या पुढेमागे आमचा पुरुषांचा वॉर्ड या पोरांनी भरून जाई. लाळ, घाम, उलट्या, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. डॉक्टर औषध चढवायचे आणि बहुतेक जण उतारावर लागायचे. उठून बसायचे, चहा मागायचे, एकमेकांना चिडवायचे.

मला भीती वाटायची ती नेमकी इथून पुढे.

मी नोकरीला लागले त्या हंगामात झरीकडचा एक माणूस असाच बरा झाला. नातेवाइकांनी घाई करून त्याला घरी नेला. डॉक्टर नको म्हणाले होते. त्याच दिवशी जीपमधून परत आणला, तेव्हा तपासायला काही उरलं नव्हतं. त्याचा मेहुणा व्हरांड्यात सगळ्यांना एकच सांगत होता. "वाटेत चांगला बोलत होता. मंग म्हने, माही मान धरा जरा. मी धरली. मंग बोललाच नाई."

त्यानंतर डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बसवून समजावलं. या विषाचा पहिला मार उतरला, तरी थोड्या जणांमध्ये दोनचार दिवसांत दुसरा मार येतो. तो चोरपावलांनी येतो. घाम नाही, उलटी नाही, माणूस शुद्धीवर असतो. फक्त स्नायू ढिले पडत जातात आणि सुरुवात बहुधा मानेपासून होते. उताणा झोपलेला माणूस उशीवरून डोकं उचलू शकत नाही. मान गेली की पाठोपाठ श्वास जाऊ शकतो. त्यावर उतारा नाही. नसा परत जाग्या होईपर्यंत मशीनने श्वास देत राहायचं, एवढंच हातात असतं. कोणाला होईल, कोणाला नाही, हे आधी सांगता येत नाही.

म्हणून दिवसातून अनेकदा प्रत्येक खाटेशी जाऊन मान बघायचं काम सिस्टर आणि मी वाटून घेतलं. मला याद्यांची सवय. पाहायच्या गोष्टी मी ठरवून टाकल्या: मान, पापण्या, गिळणं, आणि एका दमात किती बोलता येतं ते. शेवटच्यासाठी पुस्तकात आकडे मोजायला लावतात. पण आमच्याकडे कुणी मराठीत मोजे, कुणी गोरबोलीत, कुणी कोलामीत, कुणाला मोजताच येत नसे. मग मी कबड्डी म्हणायला लावू लागले. ती सगळ्यांना येते आणि दम तुटला की लपत नाही.

वॉर्डाने यातून आपला वेगळाच अर्थ काढला. मान उचलली की माणूस घरी सुटतो, एवढंच त्यांनी पाहिलं. आम्ही परोपरीने सांगायचो की ही परीक्षा नाही. तरी एक खाट दुसरीला पढवायची. "मालिशवाली मॅडम आली की मान उचलजो बे, दात खाऊन. नाई तर ठेवून घेईन अजून."

पोळ्याच्या आदल्या दिवशीची सकाळ. खिडकीजवळच्या खाटेवर गणेश राठोड होता, जवळच्याच बंजारा तांड्यावरचा. विशी नुकतीच ओलांडलेला, काटक, हसरा. आल्या दिवशी त्याची हालत वाईट होती, पण काल तो मजेत जेवला होता. त्याच्याजवळ दोघं होती. थोरला भाऊ शंकर, ज्याचा आवाज वॉर्डभर फिरायचा. आणि बायको कविता, जिचा आवाज मी ऐकलेलाच नव्हता. शंकर तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर बोलायचं नाही, तोंड दाखवायचं नाही, ही तांड्याची रीत. पदर नाकापर्यंत ओढून ती खाट आणि भिंतीच्या मधे, गणेशच्या डोक्याशी बसलेली असे.

डॉक्टर राउंड घेऊन पुढे गेले. मला म्हणाले, "मान बघून घ्या. चांगली असेल तर दुपारी सोडू."

"लवकर पास करा मॅडम याले," शंकर म्हणाला. "उद्या पोळा हाये. याच्या बैलाले याच्याबिगर कोनी हात लावू शकत नाई. मले तर पाह्यलं की शिंगावर घेते."

"शंकरभाऊ, पास-नापास काही नाही यात."

"काहून नाई? काल त्या खाटेवरचा पास झाला, घरी गेला." मेश्राम सिस्टर हसल्या. त्याला आणखी चेव आला. "अन् मानीत एवढं काय पाह्यता? आज घरोघर बैलाची मान शेकून राह्यले, हयद लावून राह्यले. जू ठेवलं की समजते मान कशी हाये ते. मले विचारा."

मी गणेशला हात छातीवर घ्यायला सांगितले. "उशीवरून मान उचल."

डोकं उचललं गेलं.

"धर तसंच."

डोकं तसंच राहिलं. शंकरने सिस्टरकडे पाहून भुवया उडवल्या. मी पुढच्या खाटेकडे वळले, आणि वळता वळता थांबले. काहीतरी चुकलं होतं, पण काय ते आधी कळेना.

वाचणाऱ्याने हे करून पाहावं. उताणं झोपून डोकं उचलावं आणि बोटं गळ्यावर ठेवावी. कानामागून गळ्याच्या खळगीपर्यंत दोन जाड दोऱ्या ताठ उभ्या राहतात. त्या दोऱ्या डोकं उचलतात. गणेशच्या गळ्यावर दोऱ्या नव्हत्या. डोकं उशीच्या वर होतं आणि गळा झोपलेल्या माणसासारखा सपाट होता.

डोकं आपोआप वर राहत नाही. आणि मग मला दिसलं, की कविताचा पदर उशीवर पसरलाय, आणि पदराखाली तिचा हात कोपरापर्यंत आत गेलाय.

शंकरसमोर ती बोलणार नाही, हे मला ठाऊक होतं. मी त्याला चहा आणायला पाठवलं. तो दाराबाहेर जाताच म्हटलं, "कविता, हात काढ."

तिने हात काढला. डोकं उशीवर पडलं, भरली कळशी हातातून निसटावी तसं.

"गणेश, आता उचल."

तो माझ्याकडे पाहत राहिला. ओठ हलले. "उठून नाई राह्यली मॅडम," तो म्हणाला, आणि आवाज नाकातून आला.

"मी नाई उचललं," कविता म्हणाली. तिचा आवाज असा पहिल्यांदा ऐकला. "फकस्त टेकू देल्ला. यायले घरी जाचं होतं."

"कधीपासून आहे असं?"

"सकायपासून. पानी पाजत होती तं नाकातून आलं."

"मग सांगितलं का नाहीस कुणाला?"

तिने दाराकडे पाहिलं. "भासरे होते ना अठीच."

मेश्राम सिस्टर डॉक्टरांना आणायला धावल्या. शंकर चहाचे ग्लास घेऊन आला तोवर डॉक्टर खाटेशी होते. त्यांनी त्याला सगळं नीट समजावलं. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा कठीण होत होता. "काल चांगला होता. आज तुमीच कोनतं इंजेक्शन देल्लं त्याले. खाली गाडी उभी हाये माही. चाल गन्या." असं म्हणून त्याने वाकून खाटेखालच्या गणेशच्या चपला उचलल्या.

मला झरीची जीप दिसायला लागली. भांडून उपयोग नव्हता. त्याने भावाला उचललं असतं, तर त्याला अडवण्याएवढी माणसंही आमच्याकडे नव्हती. डॉक्टर मला खुणेने म्हणाले, थोडा वेळ धरून ठेवा, आणि मशीन तयार करायला आत गेले.

"शंकरभाऊ," मी म्हटलं, "गणेश कबड्डी खेळतो का?"

त्याला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "खेळते काय विचारता. हा चढाईले गेला की समोरचे आधी सेवालाल महाराजाचं नाव घेतात. एका दमात तिघं बाद करून येते."

"मग एका दमात म्हणू दे त्याला. मी नाही मोजत. तुम्हीच ऐका. त्याचा दम तुम्हाला माहीत आहे."

गणेशने श्वास घेतला. कबड्डी कबड्डी कबड्डी. सुरुवात बरी होती. मग शब्द एकमेकांना चिकटू लागले आणि मधेच तुटले.

"झोपून म्हनून राह्यला, म्हनून," शंकर म्हणाला.

आम्ही थांबलो. मी गणेशच्या छातीवर हात ठेवून उभी होते. हाताखाली छाती वर यायची ती रोजच्यासारखी येत नव्हती, पोटच तेवढं हलत होतं. बाजूच्या खाटांवरची पोरं उठून बसली होती. थोड्या वेळाने मी पुन्हा सांगितलं. या वेळी कबड्डी निम्म्यावर संपली. शंकरने चपला एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या.

"अजून एकदा म्हन गन्या," तोच हलक्या आवाजात म्हणाला.

"कबड्डी," गणेश म्हणाला. "कब..."

हायवेवरून एक ट्रक गेला, त्याचा आवाज विरेपर्यंत शंकर भावाच्या तोंडाकडे पाहत होता. मग त्याने वाकून चपला खाटेखाली होत्या तशा, जोडीने ठेवल्या.

"ठेवा मॅडम याले," तो म्हणाला. "लवकर करा काय कराचं ते."

दुपारच्या आत गणेश मशीनवर होता. आमच्याकडे एकच मशीन होतं आणि ते रिकामं होतं, याचा विचार मनात आला की आजही मी हातातलं काम थांबवते. भारनियमनात वीज जायची आणि जनरेटर सुरू होईपर्यंत रबरी पिशवी हाताने दाबून श्वास द्यावा लागायचा. ती दाबायला शंकर शिकला. दुसऱ्या दिवशी गावात ढोल वाजले, तोरणाखाली बैल उभे राहिले. राठोडांची जोडी कुणी सजवली, मला माहीत नाही. शंकर गेला नाही.

कविताचं मात्र वेगळंच झालं. वॉर्डातल्या बायकांनी तिला सुनावलं होतं. "तुह्याच हातानं मारत होतीस त्याले." दुष्टपणाने नव्हे, भीतीने म्हटलं असेल, पण ती बाई त्यानंतर नवऱ्याला हात लावेना. खाटेपासून दूर, जमिनीवर, दोन्ही हात पदरात गुंडाळून बसायची. मी त्याची कूस बदलताना तिला मदतीला बोलावलं की मान हलवायची. गणेश शुद्धीवर होता. तोंडात नळी, बोलता येत नव्हतं. डोळे तिला शोधायचे. ती जमिनीकडे पाहायची. माझ्या कामाच्या यादीत छाती होती, हातपाय होते, सांधे आखडू नयेत म्हणून हालचाली होत्या. याचं काय करायचं, ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

हळूहळू श्वास परतला. आम्ही मशीन थोडं थोडं कमी करत आणलं. प्रत्येक वेळी मी छातीवर हात ठेवून उभी राहायची आणि प्रत्येक वेळी वाटायचं, आता थांबेल. नळी निघाली. त्याचा घसा बसला होता, पण पहिला शब्द त्याने बैलाच्या नावाचा काढला. शंकर हसला आणि लगेच बाहेर निघून गेला.

मान मात्र उठत नव्हती. आधी जाते तीच, आणि परत यायला सगळ्यांत उशीरही तीच करते. ती येईपर्यंत सोडायचं नाही, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. या वेळी शंकरने घाई केली नाही. रोज सकाळी मी आले की तो पायथ्याशी येऊन उभा राहायचा आणि एक शब्द बोलायचा नाही. त्याचं ते गप्प राहणं मला त्याच्या ओरडण्यापेक्षा जड जायचं.

एका सकाळी मी कविताला म्हटलं, "इकडे ये. त्याच्या डोक्याखाली हात घाल."

ती भिंतीला टेकली. मान हलवली.

"मी सांगतेय ना."

तिने शंकरकडे पाहिलं आणि पदर आणखी खाली ओढला. प्रश्न तिच्या तोंडावर आला होता आणि तिला तो बोलता येत नव्हता. शंकरच्या ते लक्षात आलं. तो खिडकीकडे वळला आणि पाठ करून उभा राहिला.

"बोल म्हना तिले," तो बाहेर पाहत म्हणाला. "मी ट्रक पाहून राह्यलो."

"मी हात घातला तं तुमाले कसं समजन मॅडम," कविता म्हणाली, "का थे उचलून राह्यले का मी?"

"मला नाही समजणार. तुला समजेल. हातावर वजन पडतं का, ते तू मला सांगायचं. ढकलायचं नाही. नुसता हात ठेवायचा."

ती आली. हात पदराला पुसला आणि त्याच्या डोक्याखाली ठेवला. इतक्या दिवसांत तिने त्याला पहिल्यांदा हात लावला. गणेशने डोळे मिटले. मी म्हटलं, उचल. गळ्यावर दोऱ्यांची नुसती सावली आली आणि गेली.

"जड?"

"जड हाये." मग थांबून ती म्हणाली, "त्या दिवशीच्या एवढं नाई. त्या दिवशी लय जड होतं. मले समजलं होतं."

खिडकीपाशी शंकरची पाठ हलली नाही.

पुढे हा आमच्या वॉर्डाचा नियम झाला. जवळच्या माणसाचा हात डोक्याखाली ठेवायचा आणि त्यालाच विचारायचं. कुणाच्या आईचा, कुणाच्या भावाचा. लपवण्याची गरजच उरली नाही, आणि तो हात माझ्या नजरेच्या आधी बोलायचा. आज माझ्या हाताखालच्या मुलींना मी हेच शिकवते आणि त्यांना सांगते, की भीती कमी होत नाही, फक्त ती वाटून घेता येते. सगळे वाचले असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. त्या वर्षांत काहींच्या डोक्याखालचे हात शेवटपर्यंत जडच राहिले. कुणी विचारलं तर त्यांची गावं मला अजून सांगता येतील.

पण गणेशच्या खाटेशी ती सकाळची रीत चालू राहिली. मी आले की शंकर खिडकीकडे तोंड करायचा, कविता हात ठेवायची. जड. थोडं जड. कालच्यासारखंच. एक दिवस पुन्हा जास्त जड झालं, तेव्हा मी दुपारपर्यंत काही खाल्लं नाही. नंतर परत सुधारलं.

मग एका सकाळी मी म्हटलं, उचल, आणि गणेशच्या गळ्यावर दोन्ही दोऱ्या उभ्या राहिल्या. डोकं वर आलं. हनुवटी छातीकडे गेली. मी पाहत होते, पण आता माझ्या पाहण्यावर मी विसंबत नव्हते. कविताकडे पाहिलं. उशीवर तिचा तळवा उताणा, उघडा होता.

"काय म्हनते?" शंकरने खिडकीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

भासऱ्याला आजवर तिने कधी उत्तर दिलेलं नव्हतं.

"हात रिकामा हाये," कविता म्हणाली.